'एक लाख लुमेन'चा टॉर्च ७९९ रुपयांत? घरासाठी, शेतासाठी दमदार टॉर्च घेताना नेमकं काय बघायचं

रात्रीची वेळ, डोंगरमाथा. एक जण हातातला टॉर्च लावतो आणि प्रकाशाचा पांढराशुभ्र पट्टा थेट समोरच्या डोंगरावर जाऊन आदळतो. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं, '१,००,००० लुमेन', '३ किलोमीटर रेंज', 'मिलिटरी ग्रेड'. किंमत फक्त ७९९ रुपये आणि तीही आज रात्री बारापर्यंतच! सोशल मीडियावर रोज अर्धा तास घालवणाऱ्या बहुतेकांच्या समोर ही रील एकदा तरी येऊन गेलेली असते.

पार्सल घरी येतं तेव्हा टॉर्च हाताला भलताच हलका लागतो. पहिले काही दिवस उजेड बरा वाटतो. मग तो दहा-पंधरा मिनिटांतच मंद व्हायला लागतो आणि तोवर वस्तू परत करायची मुदत संपलेली असते.

शहरातल्या माणसाचं यात फार तर ७९९ रुपयांचं नुकसान. लाईट गेली तर मोबाईलचा फ्लॅश असतोच. पण महाराष्ट्रात अनेक ठिकाणी शेतीपंपांची थ्री फेज वीज आठवड्यातले काही दिवस रात्रीच मिळते. दिवसा वीज मिळावी म्हणून २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली, पण रात्रीची पाळी सगळीकडून गेलेली नाही. रात्री अकरानंतर मोटार चालू करून दारं धरायला जाणाऱ्या शेतकऱ्याच्या एका हातात खोरं असतं आणि दुसऱ्या हातात टॉर्च. बांधावर घोणस असू शकते आणि जुन्नर, आंबेगाव, निफाडकडच्या उसात बिबट्या असू शकतो. तिथे दहा मिनिटांत मंद होणारा टॉर्च म्हणजे साधी फसवणूक राहत नाही.

म्हणूनच खोक्यावरच्या आकड्यांपैकी कोणते खरे, कोणते कामाचे आणि कोणते निव्वळ सजावटीचे, हे समजून घेणं गरजेचं आहे. त्यासाठी लागणारं गणित शाळेतल्या गुणाकार-भागाकारापलीकडचं नाही.

बॅटरी, टॉर्च की विजेरी?

पुस्तकातला शब्द 'विजेरी', शहरातला 'टॉर्च' आणि खेड्यात अजूनही 'बॅटरी'. 'जरा बॅटरी मार रे तिकडं' म्हटलं की सेल कुणी आणून देत नाही, टॉर्चच लावतात. या लेखात गोंधळ नको म्हणून प्रकाश देणाऱ्या वस्तूला टॉर्च आणि आत घालायच्या गोष्टीला सेल म्हटलं आहे.

हातात धरायच्या टॉर्चचं अमेरिकन पेटंट १८९९ सालचं आहे. डेव्हिड मिसेल या संशोधकाने ते काढलं आणि ज्या कंपनीकडे ते गेलं तीच पुढे 'एव्हरेडी' नावाने जगभर पोहोचली. त्या काळचे सेल इतके अशक्त होते की दिवा सलग जळत नसे, क्षणभर लावायचा आणि विझवायचा. अमेरिकेत टॉर्चला 'फ्लॅशलाईट' म्हणतात ते त्यावरून.

आपल्याकडे दोन-तीन मोठ्या सेलचे पत्र्याचे किंवा पितळी टॉर्च कित्येक वर्षं घराघरांत होते. दोन सेलचा असा टॉर्च त्याच्या तारेच्या बल्बमधून जेमतेम १५-२० लुमेन प्रकाश द्यायचा. तेवढ्यावर दोन पिढ्यांनी रानं राखली. आज हजार लुमेनखाली काही चालतच नाही असं सांगणाऱ्या विक्रेत्यासमोर हा आकडा लक्षात असलेला बरा.

लुमेनचा आकडा कसा तपासायचा?

टॉर्चमधून सगळ्या दिशांना मिळून एकूण किती प्रकाश बाहेर पडतो, त्याचं माप म्हणजे लुमेन. घरात लावतो तो ९ वॉटचा एलईडी बल्ब साधारण ९०० लुमेन देतो. म्हणजे एका वॉटला शंभरेक लुमेन. टॉर्चमधले चांगले एलईडी एका वॉटला १०० ते १५० लुमेनपर्यंत जातात.

आता जाहिरातीतला एक लाख लुमेन घेऊ. एका वॉटला १०० लुमेन धरले तर लागतात १,००० वॉट. इतकी वीज कपड्यांची इस्त्री खाते. आणि आत काय असतं? बहुतेक वेळा एकच '१८६५०' प्रकारचा लिथियम सेल. चांगल्यातला चांगला १८६५० सेल साधारण ३,५०० एमएएचचा असतो. त्याचा दाब ३.६ व्होल्ट. ३.५ गुणिले ३.६ म्हणजे १२.६ वॉट-तास. एवढ्या साठ्यावर १,००० वॉटचं यंत्र चालवलं तर ते ४५ सेकंदांत थांबेल. तेही सेल एवढी वीज एकदम देऊ शकला तर, आणि ते त्याच्या आवाक्यातच नाही.

उलट बाजूने बघितलं की खरं चित्र दिसतं. त्याच सेलवर १,००० लुमेनचा टॉर्च आठ-दहा वॉट खातो, म्हणजे सव्वा ते दीड तास चालतो. ५०० लुमेनवर अडीच-तीन तास. २०० लुमेनवर सहा-सात तास, म्हणजे जवळपास अख्खी रात्र. एका सेलच्या टॉर्चकडून प्रामाणिकपणे अपेक्षा करायची ती एवढीच.

एक लाख लुमेनचा टॉर्च जगात नाहीच असं मात्र नाही. इमॅलेंट कंपनीच्या 'एमएस१८' या मॉडेलचा दावा तेवढाच आहे. पण त्यात १८ एलईडी आहेत, ८ मोठे सेल आहेत, थंड ठेवायला पंखे आहेत आणि वजन दोन किलोच्या घरात आहे. तरीही तो पूर्ण ताकदीवर थोडाच वेळ राहतो, मग स्वतःहून उजेड कमी करतो. हौसेची वस्तू आहे. ७९९ रुपयांत जे मिळतं त्याचा तिच्याशी संबंध नाही.

आणखी एक गोष्ट दुकानदार सांगत नाहीत. प्रकाश दुप्पट झाला तरी डोळ्यांना तो दुप्पट भासत नाही. दुप्पट उजेड वाटायला लुमेन साधारण चौपट लागतात. म्हणजे १,००० आणि १,२०० लुमेनच्या दोन टॉर्चमध्ये साध्या नजरेला काही फरक दिसत नाही. त्या दोनशेसाठी जास्तीचे पैसे मोजणं हे मोबाईलच्या मेगापिक्सेलसारखंच आहे.

लांब मारायचाय? मग कॅन्डेला बघा

बागेला पाणी घालताना पाईपच्या तोंडावर अंगठा दाबला की तेच पाणी लांब जातं. प्रकाशाचंही तसंच. टॉर्चच्या तोंडाशी खोल, गुळगुळीत, रुंद आरसा असेल तर प्रकाश एकवटून लांब जातो. आरसा उथळ किंवा खडबडीत असेल तर तोच प्रकाश जवळपास पसरतो. झोत किती एकवटलेला आहे ते सांगणारं माप म्हणजे कॅन्डेला.

खोक्यावर कॅन्डेलाचा आकडा असेल तर अंतर घरी काढता येतं. आकड्याचं वर्गमूळ काढा आणि दुप्पट करा, मीटरमध्ये उत्तर मिळतं. २,५०० कॅन्डेला म्हणजे १०० मीटर, १०,००० म्हणजे २०० मीटर, ४०,००० म्हणजे ४०० मीटर. अंतर दुप्पट हवं असेल तर कॅन्डेला चौपट लागतात. तीन किलोमीटरच्या दाव्याला साडेबावीस लाख कॅन्डेला हवेत. ते खिशात मावणाऱ्या टॉर्चचं काम नाही.

पण या 'अंतरा'चा अर्थही नीट समजून घ्यायला हवा. अमेरिकेत टॉर्च बनवणाऱ्या कंपन्यांनी एकत्र येऊन केलेलं 'एफएल १' नावाचं मानक २००९ साली प्रसिद्ध झालं. त्यानुसार टॉर्चचा उजेड जिथे ०.२५ लक्सवर येतो ते त्याचं अंतर. ०.२५ लक्स म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका उजेड. त्यात पलीकडे काहीतरी उभं आहे एवढं कळेल, पण ते माणूस आहे, वासरू आहे की दुसरं काही, हे ओळखता येईलच असं नाही. म्हणून लिहिलेल्या अंतराचा निम्मा किंवा तिसरा हिस्साच कामाचा धरावा. '२०० मीटर' म्हणजे प्रत्यक्षात ७० ते १०० मीटर.

याच मानकात वेळेचीही एक गंमत आहे. टॉर्च 'पाच तास चालतो' याचा अर्थ उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंत पाच तास लागतात. हजार लुमेनचा टॉर्च पहिल्या काही मिनिटांत ४०० वर आला आणि पुढे रेंगाळत १०० पर्यंत गेला, तरी खोक्यावर '१,००० लुमेन, ५ तास' असं लिहिता येतं. खोटं काहीच नाही, पण घेणाऱ्याच्या मनात भलतंच चित्र उभं राहतं. चांगल्या कंपन्या उजेड आणि वेळेचा आलेख देतात. त्यात उजेडाची रेघ बराच वेळ सपाट राहिलेली असेल तर आतलं सर्किट सेलचा दाब उतरला तरी उजेड टिकवून ठेवतं, असं समजायचं. 'टर्बो'चा आकडा सोडून द्यावा आणि टर्बो उतरल्यावर टॉर्च किती लुमेनवर स्थिर होतो ते शोधावं. खरेदी त्या आकड्यावर करावी.

हे मानक पाळणं ऐच्छिक आहे आणि मोजमाप बहुधा कंपनीच करते. तरीही ज्या खोक्यावर लुमेनबरोबर कॅन्डेला, मीटर आणि तास असे चारही आकडे आहेत आणि ते वरच्या गणितात बसतात, तो टॉर्च निदान विचार करण्यालायक.

पायाखालचा उजेड

लांबच्या झोताचं वेड सगळ्यांनाच असतं. पण रात्री रानात माणसाला सगळ्यात मोठा धोका दोन-तीन मीटरच्या आत, जमिनीवर असतो. २०२० साली 'ई-लाइफ' या संशोधनपत्रिकेत आलेल्या अभ्यासाचा अंदाज असा की २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार मृत्यू झाले. त्यातले बहुतांश ग्रामीण भागातले आणि पावसाळ्याच्या महिन्यांत जास्त.

बिबट्या, कुत्रा, मांजर, गाय यांच्या डोळ्यांत मागच्या बाजूला आरशासारखा एक थर असतो. त्यामुळे झोत पडला की त्यांचे डोळे अंधारात दिव्यासारखे चमकतात आणि लांबूनही कळतात. सापाच्या डोळ्यांत असा थर नसतो, त्यामुळे टॉर्च कितीही लांब मारला तरी सापाचे डोळे चमकून इशारा देणार नाहीत. साप ओळखायचा तो अंगावरच्या रंगावरून आणि नक्षीवरून. वाळलेल्या पाचटात तपकिरी घोणस, मातीत मातीच्याच रंगाचं जेमतेम फूट-दीड फुटांचं फुरसं, काळ्या चिखलावर बारीक पांढऱ्या पट्ट्यांची मण्यार, आणि तीही रात्रीच फिरणारी. एकवटलेल्या झोताचा लहानसा पांढरा गोल जमिनीवर टाकत चाललं तर त्या गोलाच्या कडेलाच काही असलं तरी दिसत नाही.

इथे कामाला येतो तो पसरट उजेड. २०० ते ३०० लुमेन पुरे, पण वीसेक पावलांपर्यंतची सगळी जमीन सारखी उजळली पाहिजे.

उजेडाचा रंगही बघावा. स्वस्त टॉर्च निळसर पांढरे असतात, ६,५०० केल्विन किंवा त्याहून वर. निळसर उजेड जास्त 'पॉवरफुल' वाटतो, पण त्यात माती, पाचट, साप असे सगळे तपकिरी रंग एकसारखे राखाडी दिसतात. ४,००० ते ५,००० केल्विनचा किंचित पिवळसर पांढरा उजेड डोळ्यांना कमी झगझगीत वाटतो, पण वस्तू वेगळ्या ओळखू येतात. खोक्यावर 'सीआरआय ९०' किंवा जास्त असेल तर आणखी चांगलं. अशा एलईडीचे लुमेन थोडे कमी असतात. रानासाठी हा सौदा खुशाल करावा.

ज्यांना दोन्ही हवं त्यांच्यासाठी एकाच टॉर्चमध्ये पसरट आणि लांब असे दोन एलईडी असलेली मॉडेल्स मिळतात. पुढची मान मागेपुढे सरकवायचे 'झूम' टॉर्च त्यामानाने फसवे. झूम केल्यावर बराच प्रकाश आतच अडतो, जमिनीवर एलईडीची चौकोनी सावली पडल्यासारखा ठिपका दिसतो आणि सरकणाऱ्या भागातून पाणी-धूळ आत जाते. दारं धरताना हात मोकळे लागतात, म्हणून कपाळावर बांधायचा हेडलॅम्प पायाखालच्या उजेडासाठी आणि हातातला टॉर्च लांबसाठी, ही जोडी सगळ्यात सोयीची. गमबूट आणि काठी मात्र त्यानंतरही हवीच. साप चावला तर मांत्रिकाकडे नाही, १०८ ला फोन करून थेट रुग्णालयात.

बिबट्याचे डोळे चमकताना दिसले तर टॉर्च त्याच्यावर रोखून जवळ जाणं किंवा व्हिडिओ काढत बसणं टाळावं. मोठ्याने बोलत, त्याच्याकडे पाठ न करता हळूहळू मागे यावं. वनविभागाची 'हॅलो फॉरेस्ट' मदतवाहिनी १९२६ या क्रमांकावर आहे.

सगळा जीव सेलमध्ये

टॉर्च खराब निघाला म्हणतात तेव्हा बऱ्याचदा सेल खराब असतो. १८६५० या नावात त्याचं माप आहे. १८ मिलिमीटर व्यास आणि ६५ मिलिमीटर लांबी. त्याहून मोठा २१७००, म्हणजे २१ मिलिमीटर व्यास आणि ७० लांबी. यात साधारण ५,००० एमएएच मावतात. नवीन टॉर्च घेताना शक्यतो हा बघावा.

१८६५० सेलवर '९,९०० एमएएच' किंवा '१२,००० एमएएच' छापलेलं असेल तर तो सेल नकली आहे. या आकारात एवढं मावतच नाही. दुसरी खूण वजनाची. अस्सल १८६५० साधारण ४५ ते ४८ ग्रॅम भरतो. घरातल्या डिजिटल काट्यावर तो २५-३० ग्रॅम भरला तर आत छोटा सेल आणि उरलेल्या जागेत भराव आहे असं समजावं. जुन्या लॅपटॉपच्या बॅटऱ्या फोडून काढलेले सेल नवं वेष्टण घालून विकणंही चालतं.

भारतात विकल्या जाणाऱ्या अशा सेलना आयएस १६०४६ या मानकाखाली बीआयएसची नोंदणी लागते, त्याचा नोंदणी क्रमांक 'आर'ने सुरू होतो. तो सेलवर किंवा खोक्यावर शोधावा. सुटा लिथियम सेल किल्ल्या-नाण्यांसोबत खिशात टाकू नये. दोन टोकं धातूने जोडली गेली तर खिशातच आग लागू शकते. वेष्टण फाटलेला, फुगलेला किंवा चार्ज होताना कढत होणारा सेल पुन्हा वापरू नये. दोन-तीन सेलच्या टॉर्चमध्ये एक जुना आणि एक नवा असं कधीच करू नये. विमानाने जाताना सुटे सेल चेक-इन बॅगेत चालत नाहीत, सोबतच्या बॅगेत टोकं झाकून ठेवावे लागतात.

सेल काढता येत नाही असे टॉर्च दिसायला सुबक असतात, पण दोन-तीन वर्षांनी सेल दमला की अख्खा टॉर्च भंगारात जातो. सेल बदलता येईल असाच घ्यावा, एक जास्तीचा सेल जवळ ठेवावा. चार्जिंग टाईप-सी असेल तर सोयीचं. मात्र काही स्वस्त टॉर्च दोन्ही टोकांना टाईप-सी असलेल्या केबलवर चार्जच होत नाहीत, जुनी चपट्या टोकाची केबलच लागते. दुकानातच लावून बघावं.

पेन्सिल सेलवरच्या टॉर्चला लोक नाकं मुरडतात, पण घरात दुसरा टॉर्च तोच असावा. पुरात, वादळात दोन-दोन दिवस वीज आली नाही तर चार्जिंग कुठे करणार? पेन्सिल सेल गावच्या किराणा दुकानातही मिळतात. फक्त न वापरता पडून राहणार असेल तर सेल काढून ठेवावेत. स्वस्त सेल गळतात आणि आतली स्प्रिंग हिरवी पडून टॉर्च वाया जातो.

पाणी, पडणं आणि बटण

कोकणातल्या किंवा घाटमाथ्यावरच्या पावसासाठी 'आयपीएक्स ४' पुरत नाही, तो फक्त उडणाऱ्या पाण्यापुरता. 'आयपीएक्स ७' म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. 'आयपीएक्स ८' त्याहून खोल. चार्जिंगच्या भोकावरचं रबरी झाकण उघडं राहिलं तर यातलं काहीच लागू होत नाही.

बटण अंधारात, ओल्या हाताने, न बघता सापडलं पाहिजे. आणि पहिल्या दाबाला काय लागतं ते तपासावं. कमी उजेड, जास्त उजेड, मग डिस्कोसारखी लुकलुक, मग एसओएस अशी पाच पावलं प्रत्येक वेळी मोजावी लागणारा टॉर्च रानात वैताग आणतो. लुकलुक ज्यांना फिट्सचा त्रास आहे त्यांच्यासाठी धोक्याचीही ठरू शकते. शेवटचा उजेड लक्षात ठेवणारा टॉर्च उत्तम.

मोठे टॉर्च तापतात. चुकून बटण दाबलं जाऊन बॅगेत कपड्यांना चिकटून सुरू राहिले तर कापड जळू शकतं. बॅगेत टाकताना मागची टोपी पाव फेरा सैल करून ठेवली की जोडणी तुटते आणि टॉर्च लागतच नाही.

घराच्या राखणीसाठी

घरात ३०० ते ५०० लुमेन भरपूर झाले. पांढऱ्या भिंतींच्या खोलीत रात्री दोन वाजता दोन हजार लुमेन लावले तर आधी लावणाऱ्याचेच डोळे दिपतात. अंधाराला पूर्ण सरावायला डोळ्यांना वीस ते तीस मिनिटं लागतात आणि तो सराव एका क्षणात मोडतो. म्हणून पाच-दहा लुमेनचा अगदी मंद टप्पा असलेला टॉर्च उशाशी हवा.

अंगणात आवाज आला तर खिडकीतून झोत टाकताना एक अडचण हमखास येते. काचेवरून किंवा डासांच्या जाळीवरून उजेड परत डोळ्यांत येतो आणि बाहेरचं काही दिसत नाही. टॉर्चचं तोंड काचेला किंवा जाळीला अगदी टेकवून धरलं की हा त्रास जातो. अनोळखी माणूस दिसला तर टॉर्च घेऊन बाहेर धावू नये. बाहेरचे दिवे लावावे, आरडाओरडा करून शेजाऱ्यांना उठवावं आणि ११२ ला फोन करावा. तोंडावर पडलेल्या झोताने समोरचा दोन-चार सेकंद दिपतो हे खरं, पण तो किती जणांबरोबर आला आहे हे टॉर्च सांगत नाही. खरं तर अंगणाच्या राखणीला हालचाल ओळखून लागणारा सेन्सरचा दिवा टॉर्चपेक्षा जास्त उपयोगी, कारण तो लावायला कुणी जागं असावं लागत नाही.

गडावर जाणाऱ्यांसाठी

पावसाळ्यात हरिश्चंद्रगडावर किंवा राजमाचीला रात्री चढताना धुकं असेल तर हेडलॅम्प त्रास देतो. दिवा डोळ्यांच्या अगदी जवळ असल्याने धुक्याचे थेंब उजळतात आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. हेडलॅम्प काढून हातात, कमरेखाली धरावा आणि उजेड कमी करावा. वाट लगेच दिसते. वळवाच्या पावसानंतर भंडारदरा परिसरात काजवे बघायला जाणाऱ्यांनी मात्र दमदार टॉर्च बॅगेतच ठेवावा. काजवे एकमेकांना उजेडानेच खुणावतात आणि झोत पडला की झाडं विझल्यासारखी होतात. वाटेपुरता मंद लाल उजेड, तोही जमिनीकडे.

घरी आणल्यावर करायची परीक्षा

काटेकोर उपकरण नसलं तरी जुन्या ओळखीच्या टॉर्चशी तुलना करता येते. अँड्रॉइड फोनवर प्रकाश मोजणारी लक्स मीटर ॲप्स फुकट मिळतात. अंधाऱ्या खोलीत फोन टेबलावर ठेवायचा, टॉर्च ठरलेल्या जागी छताकडे तोंड करून उभा करायचा आणि आकडा बघायचा. मग दुसरा टॉर्च त्याच जागी. लुमेनचा खरा आकडा यातून कळणार नाही, पण '१,००० लुमेन'वाला '५००'वाल्यापेक्षा कमी भरला तर लपून राहणार नाही. नवा टॉर्च तसाच लावून ठेवून एक, पाच, दहा आणि तीस मिनिटांनी आकडे लिहून काढावेत. परत करायची मुदत असेपर्यंतच हे करावं आणि पार्सल उघडताना व्हिडिओ काढून ठेवावा.

बदलता येणारा २१७०० सेल, ५०० लुमेनच्या आसपास तासभर टिकणारा उजेड, दहा हजारांच्या पुढे कॅन्डेला आणि आयपीएक्स ७ किंवा ८ असलेला टॉर्च साधारण दोन-तीन हजारांच्या आसपास मिळतो. घरात फक्त लाईट गेल्यावर लागणार असेल तर इतका खर्च करायची गरज नाही. आणि पावसाळा संपून टॉर्च कपाटात जाणार असेल तर सेल पूर्ण भरून किंवा पूर्ण उतरवून ठेवू नये. निम्म्याच्या आसपास चार्ज ठेवून, सेल बाहेर काढून, दर दोन-तीन महिन्यांनी एकदा बघावा. कोकणपट्टीत टोपीच्या आट्यांवर आणि स्प्रिंगवर खाऱ्या हवेची पुटं चढतात, ती कोरड्या कापडाने पुसून घ्यावी.